बंधुराजांची शिकवणी

७ जून

प्रिय वन्सं,

श्वानपथकातल्या नोकरीने तुमचे कान अर्धे नेले, आणि फोनवर तुमच्याशी ओरडून बोलताना माझा घसा जातो, म्हणून हे पत्र. घसा मला जपायला हवा. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, यावर आमचं अर्धं घर चालतं. उरलेलं अर्धं ज्यांच्यावर चालतं, त्यांचीच तक्रार घेऊन आले आहे.

तुमचे बंधुराज सध्या सुटले आहेत. या नाटकात ते चिक्कू म्हातारा करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्या अंकात म्हातारा खुर्चीत बसून मृत्युपत्र सांगतो, वकील लिहून घेतो आणि नातेवाईक कान टवकारून ऐकतात. भाषण चांगलं पाच-सहा पानांचं आहे, पण लेखकाने ते तोलूनमापून लिहिलंय. मार्चमध्ये नाटक नव्याने उभं राहिलं, तेव्हा एका प्रयोगात हे बोलता बोलता थांबले, खुर्चीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "चपला मात्र कुणाला देणार नाही. त्या मी घालून जाणार आहे." संहितेत चपला कुठेच नाहीत. पण प्रेक्षक असे हसले की यांनी पुढच्या प्रयोगात चष्माही वाटून टाकला. त्यानंतर कवळी, शेजाऱ्याची शिडी, न्हाणीघरातला मग. आता घरातली एकही वस्तू वाटणीतून सुटत नाही. काल तर वकील झालेल्या नटाने लिहायचं थांबवून सरळ हनुवटीवर हात ठेवला.

नाटक लांबतं, शेवटची बस निघून जाते, म्हणून लोक मृत्युपत्राच्या मध्येच पिशव्या गोळा करून उठतात. मालकांनी परवा मला बोलावून शांतपणे सांगितलं, की जुलैअखेरपर्यंत नाटक वेळेवर संपायला लागलं नाही, तर म्हातारा दुसरा कुणीतरी करेल. शांतपणे म्हणाले, म्हणजे खरंच करतील. या वयात यांना दुसरं नाटक कोण देणार? आणि घरी बसलेला नट मला सांभाळायचा नाही.

मी विंगेतून वाक्य देऊन यांना रुळावर आणू पाहते, तर घरी आल्यावर ठरलेलं ऐकवतात, "मी जन्मात कुणाचं प्रॉम्प्टिंग घेतलेलं नाही. तुझं तर नाहीच." खरं आहे, कधीच घेतलं नाही. बाकीच्या नटांवर माझा पगार चालू आहे. माझं काम एरवी बरं चाललंय. मालकांनी मला कागदी संहितेऐवजी टॅब दिलाय. अक्षरं मोठी, छोटा दिवाही लागत नाही, बोटाने पान सरकवलं की झालं. म्हातारपणी ऐश.

तर वन्सं, तुम्ही आयुष्यभर कुत्र्यांना शिस्त लावलीत. घरातल्या एकाला लावून द्या.

तुमची,
वहिनी

१२ जून

प्रिय वहिनीबाई,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की अंगणातले तिन्ही म्हातारे कुत्रे उठून बघायला आले. इतकी वर्षं वाट पाहिली की बाळ्याला वठणीवर आणायला कुणीतरी माझी मदत मागेल.

नीट ऐक. शिकणं दोन तऱ्हांचं. जेवणाचं भांडं वाजलं की आमच्या कुत्र्यांना लाळ सुटायची, अन्न दिसायच्या आधीच. त्यात कुत्र्याला काही करावं लागत नाही, ते त्याचं त्याला होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तकात याला अभिजात अभिसंधान असं भारदस्त नाव होतं. आम्ही त्याला भांड्याची सवय म्हणायचो. दुसरं साधक अभिसंधान. कुत्रा काहीतरी करतो, त्याचं त्याला फळ मिळतं, म्हणून तो ते पुन्हा करतो. आम्ही म्हणायचो, बिस्किटाची सवय.

बाळ्याचं बिस्किट म्हणजे हशा. त्यातही तो कधी मिळतो, कधी नाही. प्रत्येक वेळी बिस्किट मिळालं तर कुत्रा आळशी होतो. कधीमधी मिळालं तर जन्मभर उड्या मारत राहतो. ही सवय सगळ्यात चिवट. तेव्हा तू दोन गोष्टी कर. एक, पदरच्या वाक्यांना हशा मिळू देऊ नकोस. पुढच्या रांगेत आपली माणसं बसव. पुढची रांग हसली नाही की मागच्यांचंही हसू घशात अडकतं. दोन, संहितेतलं वाक्य बरोबर आलं की ताबडतोब बक्षीस. ताबडतोब म्हणजे ताबडतोब, दुसऱ्या दिवशी दिलेलं बिस्किट कशाचं ते कुत्र्याला कळत नाही. बक्षीस काय द्यायचं हे मात्र तूच ठरव. त्याचं शेवटचं कौतुक तू कधी केलं होतंस?

एक सांगून ठेवते. बिस्किट बंद झालं की कुत्रा सुधारायच्या आधी जास्त उड्या मारतो. घाबरू नकोस, उतार पडतो.

वृत्तांत सविस्तर कळव. एवढी मजा मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच येते आहे.

तुझी नणंद

१५ जून

प्रिय ताई,

हे पत्र वाचून फाडून टाक आणि हिला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. तुला बाबांची शपथ. शपथ मुद्दाम त्यांचीच घालतो आहे.

ताई, मी विसरायला लागलो आहे.

मार्चपासून हे सुरू आहे. मृत्युपत्राचं भाषण मला झोपेतून उठवलं तरी यायचं. आता खुर्चीत बसून पहिली चार वाक्यं होतात आणि पुढे पांढरं. नुसतं पांढरं. पहिल्यांदा झालं तेव्हा माझी नजर खाली गेली, चपला दिसल्या, त्यांच्यावर काहीतरी बोललो. लोक हसले, आणि हसण्याच्या त्या आवाजात पुढचं वाक्य सापडलं. तेव्हापासून तेच करतो. जे दिसेल ते वाटून टाकतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला काय सुचतंय. मला फक्त तो पांढरा भाग पार करायचा असतो. तिसरी घंटा झाली की आता तोंड कोरडं पडतं. पूर्वी त्याच घंटेने अंगात वीज यायची.

हिला वाटतं मी हशाला चटावलोय. वाटू दे. तिच्या चेहऱ्यावर राग मला चालेल. बाबांकडे बघताना आईचा जो चेहरा व्हायचा, तो नाही चालणार. तुला आठवतं ना, शेवटी शेवटी मी खोलीत गेलो की बाबा उठून बसायचे आणि अदबीने विचारायचे, "आपण कुणाकडे आलात?" त्यांचंही सुरुवातीला असंच होतं. विसरले की विनोद करायचे. आपण किती हसायचो.

मला वाटतं माझी पाळी आली.

आणखी एक. परवापासून ही माझं कौतुक करते आहे. चहा देताना म्हणाली, "दुसऱ्या अंकात आज छान बोललात." लग्न झाल्यापासून असं घडलेलं नाही. हिला संशय आला असेल का? की हीच आजारी आहे?

तुझा,
बाळ्या

२४ जून

प्रिय वन्सं,

वृत्तांत सविस्तर मागितलात, घ्या.

पुढच्या रांगेत कपडेपटातल्या बायका आणि रंगभूषावाल्या काकांचं सगळं कुटुंब बसवलं. सगळ्यांची आधी तालीम घेतली. संहितेतल्या विनोदाला मोकळं हसायचं, पदरच्या वाक्याला दगड व्हायचं. काकांच्या सुनेला हसू आवरत नाही, म्हणून तिला तोंडात मोठी पेपरमिंटची गोळी धरून बसवलं.

पहिल्या दिवशी यांनी भिंतीवरचं घड्याळ धाकट्या पुतण्याला दिलं. पुढची रांग गप्प. यांनी वकिलाकडे पाहिलं, वकिलानेही नजर काढून घेतली, त्यालाही मी आधीच फितवला होता. मग यांनी खिडकी दिली. खिडकी, वन्सं. गजांसकट. रांग गप्प. तुम्ही म्हणाला होतात तशाच जास्तीच्या उड्या सुरू झाल्या. उठून टेबलावर चढले आणि छताचा पंखा थोरल्या जावयाच्या नावे केला. मागच्या बाकांवरून थोडं हसू आलं, पण पुढची रांग मेणाची. मी विंगेत पोट धरून बसले होते.

पुढच्या प्रयोगाला उतार पडला असं मला वाटलं. हे जास्तीचं काही बोललेच नाहीत. पण संहितेतलंही बोलले नाहीत. भाषणाच्या मध्येच थांबले ते थांबलेच. मी वाक्य दिलं, एकदा, दोनदा, स्पष्ट. ऐकू आलं असणार, खुर्ची माझ्यापासून हातभर अंतरावर आहे. घेतलं नाही. कपाळावरून घाम ओघळत होता आणि हे समोर अंधारात बघत बसले होते. शेवटी वकिलानेच म्हाताऱ्याला चक्कर आल्यासारखं करून अंक पुढे ढकलला.

घरी मी विचारलं तर म्हणाले, "म्हातारा विचार करत होता." रुसलेत. हशा मिळाला नाही म्हणून लहान मुलासारखे रुसून बसलेत. जेवताना मी दुसऱ्या अंकाचं कौतुक केलं, तर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी ताटात काहीतरी कालवलंय.

मजा आली हे खरं. पण तो घाम मला आवडला नाही. आता पुढची पायरी कोणती?

तुमची वहिनी

२८ जून

प्रिय वहिनी,

पुढची पायरी ही की सगळं थांबव. आजच्या आज. पुढच्या रांगेला घरी पाठव आणि काकांच्या सुनेला पोटभर हसू दे.

माझी चूक झाली. का ते विचारू नकोस. कुत्रा गोंधळला की आम्ही शिकवणी थांबवायचो, एवढंच धरून चाल. त्याला रुसलाय म्हणू नकोस. कौतुक मात्र चालू ठेव, त्याने कुणी मेलेलं ऐकलं नाही.

शनिवारी मी येते आहे. मला गुडघा डॉक्टरांना दाखवायचाय असं घरात सांग. तोवर एक आठवून ठेव. मार्चमध्ये नाटक नव्याने उभं राहिलं तेव्हा काय काय बदललं? नट, पडदे, दिवे, उभं राहायची जागा, काहीही. आमच्याकडे शिकलेला कुत्रा अचानक चुकायला लागला, की आम्ही कुत्र्याला नंतर आणि आजूबाजूला आधी बघायचो.

तुझी नणंद

२८ जून

बाळ्या,

तुझं पत्र फाडलं. शपथही पाळीन, पण मला न आवडता. तू हे एकट्याने काढलंस याचा मला राग आलाय आणि रडूही आलंय. राग जास्त आहे.

दोन गोष्टी ऐक. काटा टोचत असला आणि निघाला की जे सुख मिळतं, त्याचीही सवय लागते. तू हशासाठी पदरचं बोलत नाहीस, भीती जावी म्हणून बोलतोस. त्यामुळे तुला कुणी कितीही दटावलं तरी ते सुटणार नाही. घंटेचंही तसंच. तिच्या पाठोपाठ भीती आली, म्हणून आता तिच्या नुसत्या आवाजाने तोंड कोरडं पडतं. घंटेत काही नाही.

शनिवारी येते. डॉक्टरांकडे जाऊ. मेंदूच्या. गुडघा माझा दुखतोय असं घरी सांगितलंय, तेव्हा तू मला सोबत म्हणून चालला आहेस. लंगडायचं मी बघते.

ताई

१२ जुलै

प्रिय ताई,

तू गेल्यापासून घर ओकंबोकं वाटतंय. तुझ्या गुडघ्याची ही रोज चौकशी करते. जिना चढताना तू उजव्या पायाने लंगडलीस आणि उतरताना डाव्या, तेवढं तिच्या लक्षात आलेलं नाही, नशीब.

डॉक्टर म्हणाले काही नाही, वयाच्या मानाने उत्तम आहे. त्यांनी दाखवलेली चित्रं मी ओळखली, आकडे उलटे म्हटले, सगळं केलं. पण ताई, डॉक्टरांनी मला तिसऱ्या अंकात कुठे पाहिलंय? बाबांनाही सुरुवातीला डॉक्टर असंच म्हणायचे.

तू निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ही बाजारात गेली होती, तेव्हाचं माझ्या डोक्यातून जात नाही. तू कपाटातून जुनी कागदी संहिता काढून मांडीवर घेतलीस, पानं उलटत बसलीस आणि मला भाषण म्हणायला सांगितलंस. घडाघडा म्हटलं. एक शब्द इकडे तिकडे नाही. मग तू हिचा टॅब घेऊन म्हणालीस, पुन्हा म्हण. चार वाक्यं झाली आणि पांढरं. पुन्हा कागद घेतलास, पुन्हा आलं. तू चहा करायला उठलीस तेव्हा मी एकटाच म्हणून बघत होतो, तर नाही. आणि तू ओट्यापाशी उभी राहून गालात हसत होतीस. मला त्याचं वाईट वाटलं, सांगून टाकतो.

म्हणजे आता येतं आणि जातं असं सुरू झालंय. बाबांचेही चांगले दिवस आणि वाईट दिवस असायचे. एकाच दुपारी माझे दोन्ही होऊन गेले.

महिनाअखेर मालक निर्णय घेणार आहेत. मीच आधी जाऊन सांगावं का, की म्हातारा दुसऱ्याला द्या? काढून टाकण्यापेक्षा ते बरं. हिला म्हणेन, कंटाळा आला.

बाळ्या

१४ जुलै

प्रिय वहिनी,

मालकांकडे कुणी जायच्या आधी हे वाच, आणि बंधुराजांना दोन दिवस घराबाहेर पडू देऊ नकोस. पोट बिघडलंय म्हणून सांग, गरज पडली तर बिघडव.

माझ्याकडे भुरी नावाची कुत्री होती. सरावात आम्ही लपवलेली गांजाची पुडी ती कधी चुकायची नाही. मोठे साहेब तिला बघायला यायचे. एकदा मला जबर सर्दी झाली, नाक बंद, तोंडाने श्वास. त्या दिवशी भुरी खोलीभर फिरली आणि काहीच सापडेना. दुसऱ्या दिवशीही तेच. पुष्कळ डोकं खाजवल्यावर कळलं, की ती नाकाने शोधतच नव्हती. पुडी कुठे आहे ते मला माहीत असायचं, आणि ती जवळ पोचली की मी नकळत श्वास धरून ठेवायचे. श्वास थांबला की ती बसायची. मला ठाऊक नव्हतं मी सांगते आहे, आणि तिला ठाऊक नव्हतं ती ऐकते आहे. ती अगदी मनापासून हुंगत होती, बिचारी.

आता तू. नटाच्या तोंडी वाक्य यायच्या जरा आधी प्रॉम्प्टरच्या डोळ्यांपुढे यायला हवं, म्हणून तू पान जरा आधी उलटतेस. त्याआधी अंगठ्याने कोपरा चाळवतेस, तेही मी कितीदा पाहिलंय. खुर्ची तुझ्यापासून हातभर. इतकी वर्षं बाळ्या तुझ्या पानाच्या आवाजावर पुढचं वाक्य बोलत आला आहे. पाठांतर सगळं त्याच्यात आहे, फक्त ते दार उघडायचं तुझ्या पानाने. बाकी अंकांत समोरच्या नटाचं वाक्य त्याला पुढे नेतं, या लांब भाषणात आधार फक्त पानाचा. मार्चमध्ये मालकांनी तुला टॅब दिला. टॅबला आवाज नाही.

तू बाजारात गेलीस त्या दुपारी मी घरात करून पाहिलं. कागद घेतला की भाषण येतं, टॅब घेतला की जातं. मला इतका आनंद झाला की हसू लपवायला चहा करावा लागला. तिथेच बोलले नाही, कारण माझ्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि रंगमंचावर खरं ठरायच्या आधी बाळ्याला उगाच आशा लावायची नव्हती.

टॅबने डोळे दुखतात म्हणून मालकांना सांग, जुनी संहिता बाहेर काढ आणि पानं उलट. घंटेच्या वेळी तो घाबरलेला दिसेल, ती सवय सावकाश जाते. पाच-सहा प्रयोग नीट झाले की घंटाही निवळेल. आणि हे सगळं त्याला सांगून टाक.

तुझी नणंद

२० जुलै

प्रिय वन्सं,

तुमचा तर्क चुकावा अशी माझी फार इच्छा होती, कारण टॅब मला आवडला होता. चुकला नाही.

पहिल्या प्रयोगाला तिसऱ्या घंटेला यांचा चेहरा पडलेला दिसला. तिसऱ्या अंकात चार वाक्यं झाली, यांची नजर खाली चपलांकडे जायला लागली, आणि मी पान उलटलं. वन्सं, यांची मान अशी वर आली, जणू कुणी मागून हाक मारली. पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं. पुन्हा पान, पुन्हा वाक्य. यांना स्वतःला कळेना कुठून येतंय. पंखा, खिडकी, कवळी सगळं जागच्या जागी राहिलं. लोकांना बस मिळाली. मालक विंगेत येऊन मला म्हणाले, "काय केलंत?" मी म्हटलं, डोळ्यांना आराम दिला.

त्यानंतरचे तीन प्रयोग वेळेवर संपले. आता कबुली. भाषण संपल्यावर नाटकातली शेजारीण म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन बराच वेळ बसते. ती नटी तो हात जरा जास्तच वेळ धरते असं माझं जुनं मत आहे. काल मी तिथे दोन पानं एकदम उलटली. यांनी हात सोडवून घेतला आणि वकिलाला विचारलं, "सही कुठे करू?" बाई हवेत हात धरून बसल्या. मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, अजून वाटलेली नाही.

पण सांगायचं मात्र मी सांगणार नाही. ज्या माणसाचा सगळा ताठा "मी जन्मात प्रॉम्प्टिंग घेतलं नाही" यावर उभा आहे, त्याला मी काय सांगू, की तू दुसरं काही घेतलंच नाहीस? मोडून पडतील. आणि खरं सांगू? मला हे माझ्यापाशीच ठेवायचंय. इतकी वर्षं त्या विंगेत बसून मला वाटायचं, यांच्यापुरती तरी मी नसते तर काहीच अडलं नसतं. बाकी सगळे माझ्याकडे बघतात, हे कधी बघत नाहीत. आणि हेच सगळ्यात जास्त ऐकत होते. परवा हे कळल्यावर मी कपडेपटात जाऊन थोडं रडून घेतलं. सांगितलं तर हे शहाणपणाने ऐकायला लागतील, आणि मग ते ऐकणं वेगळं होईल.

तेव्हा आपल्या दोघींत राहू द्या.

तुमची वहिनी

२३ जुलै

प्रिय वहिनी,

तुझं म्हणणं पटलं. तरी सांग.

कारण मला सांगता येत नाही, माझं तोंड बांधलेलं आहे. नाटक सुधारलं म्हणजे सगळं सुधारलं असं धरू नकोस. नीट बोलल्यावरही तो घरी येऊन गप्प बसत असेल, तर का, याचा विचार कर. आणि विचार करत बसू नकोस, सांगून टाक. मोडणार नाही. मोडला तर माझ्या अंगावर ढकल, नणंदा त्यासाठीच असतात. हे मी जन्मात पहिल्यांदा तुला हुकूम म्हणून लिहिते आहे.

तुझी नणंद

२७ जुलै

प्रिय ताई,

मला काही झालेलं नाही. हे वाक्य मी आज सकाळपासून आरशासमोर तीन-चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं. सगळ्या तऱ्हांनी चांगलं वाटतं.

काल संध्याकाळी प्रयोग नव्हता. हिने आधी खिडक्या लावल्या, मग दार लावलं, म्हणजे भांडणाची पूर्ण तयारी. मला वाटलं शेजारणीच्या हातावरून काहीतरी आहे. मग माझ्यासमोर बसून तिने सगळं सांगितलं, तुझी भुरी, स्वतःचा अंगठा, पानं, टॅब. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, पुन्हा सांग. पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, आणखी एकदा. तेव्हा म्हणाली, "कानही गेले का?"

मी तिला संहिता घेऊन स्वयंपाकघरात बसवलं आणि मी बाहेर पाठ करून बसलो. ती पान उलटवी, मी बोले. ती थांबे, मी थांबे. पूर्ण भाषण झालं. मग मी उगाच दुसरा अंक करायला लावला, मग पहिला. गॅसवर दूध उतू गेलं ते कुणी बघितलं नाही.

एरवी मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे. जन्मभर मी ज्या तोऱ्यात वावरलो, तो एका कागदाच्या कोपऱ्यावर उभा होता हे ऐकून घर डोक्यावर घेतलं असतं. काल माझ्या मनात एकच आलं, की बाबांचं ते माझ्याकडे आलेलं नाही. मी या बाईला कधी "आपण कुणाकडे आलात" असं विचारणार नाही. तोरा गेला तर जाऊ दे, उद्या कंपनीत चहाच्या वेळी मी स्वतः सगळ्यांना सांगणार आहे. मालकांनाही. म्हातारा माझ्याकडेच राहतोय, तेही सकाळी कळलं.

आणि मग ताई, मला रडू कोसळलं. चांगलं मोठ्याने. नाटकात मी असा कधी रडलो नाही, रडलो असतो तर बरं झालं असतं.

हिला वाटलं, माझा अभिमान दुखावला. ती घाबरली, जवळ येऊन बसली आणि माफी मागायला लागली. पुढची रांग गप्प बसवली त्याची मागितली. दोन पानं एकदम उलटली त्याची मागितली, तेव्हा मला ते कळलं. माझं कधी कौतुक केलं नाही त्याची मागितली. मग मागे मागे जात माझं जुनं तपकिरी जाकीट वाळवीने खाल्लेलं नव्हतं, तिनेच परस्पर देऊन टाकलं होतं, तिथपर्यंत पोचली.

बाबांचं आणि त्या पांढऱ्याच्या भीतीचं मी तिला आज सांगणार आहे, हे पत्र पेटीत टाकून आलो की लगेच. चार महिने लपवलं म्हणून ती तापेल, आणि तुला ठाऊक होतं हे कळल्यावर तुझ्यावरही. तुला वेगळं पत्र येईल, बसून वाच. कालच सांगायला हवं होतं हे मला कळतं. पण लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदा माझी माफी मागत होती, आणि मध्ये बोलायचं माझ्या जिवावर आलं.

तुझा,
बाळ्या